दुसऱ्याचा मास्क, आपला श्वास

वापरलेला सीपॅप मास्क साबणाने स्वच्छ होतो. निर्जंतुक होतोच असे नाही

विशेष प्रतिनिधी

रात्री घोरणाऱ्याची सकाळी चेष्टा करावयाची, ही आपल्याकडील घराघरांतील जुनी रीत आहे. ज्येष्ठ संगीतकार बप्पी लाहिरी यांचे फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत निधन झाले आणि डॉक्टरांनी कारण सांगताना 'ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया' या विकाराचे नाव घेतले, तेव्हा ही चेष्टा काही दिवस तरी थांबली. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटणे, श्वास दहा सेकंद वा त्याहून अधिक काळ अडणे, रक्तातील प्राणवायू घसरणे आणि मेंदूने दचकून झोपलेल्याला अर्धवट जागे करणे, असे हे चक्र आहे. तीव्र विकारात ते एका रात्रीत शेकडो वेळा फिरते. दिल्लीच्या 'एम्स'मधील संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणानुसार भारतातील सुमारे १० कोटी ४० लाख प्रौढांना हा विकार असावा.

त्यावरचा सर्वाधिक वापरला जाणारा उपचार म्हणजे 'सीपॅप'. लहानसे यंत्र हवेचा सौम्य पण सततचा दाब निर्माण करते आणि नळी व मास्कमार्गे तो दाब घशापर्यंत पोचून श्वासमार्ग उघडा ठेवतो. सिडनीतील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८० मध्ये ही पद्धत प्रथम रुग्णावर वापरली आणि १९८१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या काळी प्रत्येक रुग्णाच्या नाकाचा साचा घेऊन फायबरग्लासचा मास्क घडवीत आणि तो रोज रात्री वैद्यकीय सिलिकोनने चक्क चिकटवीत. दुसऱ्याचा मास्क वापरण्याचा प्रश्नच तेव्हा उद्भवत नव्हता!

आज तो उद्भवतो, याचे कारण किंमत. साधे यंत्रही साधारणतः तीस-चाळीस हजार रुपयांच्या घरात जाते. मास्कसाठी तीन-चार हजारांपासून दहा-बारा हजारांपर्यंत वेगळे मोजावे लागतात. विम्यातून हा खर्च मिळेलच याची खात्री नसते. दुसरीकडे अनेक घरांतील कपाटांत अशी यंत्रे पडून आहेत. कोणी महिनाभर प्रयत्न करून कंटाळलेला असतो, कुठे ज्यांच्यासाठी यंत्र आणले ते वडीलधारे माणूसच राहिलेले नसते, तर काही यंत्रे २०२१ मधील कोविडच्या दुसऱ्या लाटेच्या धास्तीने घेतलेली असतात. नात्यातून, ओळखीतून किंवा जाहिरात पाहून ती अर्ध्या-पाव किमतीत हात बदलतात. यंत्राबरोबर मास्कही येतो. घरी आल्यावर त्याचे काय करावयाचे, हे मात्र बहुधा कोणीच सांगत नाही. मग घरातील कोणी तो डेटॉलच्या पाण्यात बुडवून ठेवतो, कोणी उकळतो, कोणी गच्चीवर उन्हात टाकतो. हेतू चांगला असला, तरी या तिन्ही उपायांनी मास्क बिघडण्याची शक्यता अधिक आणि तो सुरक्षित झाल्याची खात्री कमी.

आधी मास्क कोणता, ते पाहावे

जंतूंची चिंता करण्यापूर्वी एक साधी तपासणी आवश्यक आहे, कारण चुकीचा मास्क कितीही स्वच्छ केला तरी तो धोकादायकच राहतो.

घरगुती सीपॅपच्या मास्कवर बारीक छिद्रांचा एक समूह असतो. कधी पुढच्या भागावर, कधी नळी जेथे जोडतात त्या वळणदार तुकड्यावर. श्वास सोडल्यावर निघालेला कार्बन डायऑक्साइड याच छिद्रांतून बाहेर जातो. यंत्राची नळी एकच असते आणि तिच्यातून हवा आत येत असते, त्यामुळे बाहेर जाण्यास दुसरी वाट नसते. रुग्णालयांत व्हेंटिलेटरला जोडावयाचे काही मास्क मात्र मुद्दामच बिनछिद्रांचे बनविलेले असतात. तेथे श्वास बाहेर टाकण्याची व्यवस्था यंत्रात किंवा नळीत असते. अशा मास्कचा वळणदार तुकडा बहुधा निळ्या रंगाचा असतो. तो मास्क चुकून घरगुती यंत्राला जोडला गेला, तर रुग्ण स्वतःचाच सोडलेला श्वास पुन्हा पुन्हा आत घेत राहील. कोविडकाळातील साहित्य घरांत व बाजारात पोचलेले असताना ही शक्यता केवळ पुस्तकी मानता येणार नाही.

नाक व तोंड दोन्ही झाकणाऱ्या मोठ्या मास्कमध्ये आणखी एक लहानशी झडप असते. यंत्रातून दाब येत असतो तोवर ती मिटलेली राहते. दाब थांबताच ती उघडून खोलीतील हवा आत येऊ देते. रात्री-अपरात्री वीज जाणे ज्यांच्या अंगवळणी पडले आहे, त्यांना या झडपेचे मोल निराळे सांगावयास नको. जुन्या मास्कमध्ये वाळलेल्या लाळेने वा पाण्यातील क्षारांनी ती चिकटून बसलेली असू शकते. यंत्र बंद असताना ती उघडी दिसली पाहिजे आणि बोटाचा हलका स्पर्श होताच मोकळेपणाने हलली पाहिजे. झडप फाटलेली, वाकडी झालेली किंवा गायब असेल, तर तो मास्क तेथेच बाजूला ठेवावा.

तिसरी गोष्ट चुंबकांची. अलीकडच्या अनेक मास्कचे पट्टे लहान चुंबकांनी अडकविले जातात. हे चुंबक शरीरातील पेसमेकर, डिफिब्रिलेटर, मेंदूतील धातूच्या क्लिपा वा शंट यांच्या कामात व्यत्यय आणू शकतात, असा इशारा फिलिप्स कंपनीने सप्टेंबर २०२२ मध्ये आणि रेसमेड कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिला. अशी उपकरणे असलेल्यांनी चुंबकी मास्क वापरू नये, हे ओघानेच आले. शेजारी झोपणाऱ्या जोडीदाराच्या शरीरात असे उपकरण असेल, तरी हीच खबरदारी घ्यावी लागते. नव्या मास्कच्या खोक्यात ही सूचना असते. हातोहात आलेल्या मास्कबरोबर खोकेही येत नाही आणि सूचनाही नाही.

शेवटी मापाचा प्रश्न. एकाच बनावटीच्या मास्कचे लहान, मध्यम, मोठे असे आकार असतात आणि ते बहुधा कडेवर इंग्रजी अक्षरांत कोरलेले असतात. आकार जुळत नसेल तर हवा डोळ्यांकडे गळते, पट्टे आवळावे लागतात, नाकाच्या दांड्यावर जखम होते आणि उपचार आठवड्याभरातच सुटतो.

स्वच्छ म्हणजे निर्जंतुक नव्हे

बोली मराठीत 'निर्जंतुक' हा शब्द फार सढळपणे वापरला जातो. डेटॉलने पुसलेली फरशीही निर्जंतुक आणि शस्त्रक्रियेची कात्रीही निर्जंतुक! रुग्णालयांच्या भाषेत या तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. पहिली, डोळ्यांना दिसणारा व न दिसणारा मळ काढणे. दुसरी, बहुतेक रोगजंतू मारणे. आणि तिसरी, जिवाणूंच्या टणक बीजाणूंसह सर्व सूक्ष्मजीव नष्ट करणे. कोणत्या उपकरणाला कोणती पायरी हवी, याची व्यवस्थित मांडणी अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ अर्ल स्पॉल्डिंग यांनी १९६८ मध्ये केली आणि जगभरची रुग्णालये अद्याप तिचाच आधार घेतात. अखंड त्वचेला लागणाऱ्या वस्तूंना साधे जंतुनाशन पुरते. श्वासमार्गाच्या ओल्या अस्तराशी संबंध येणाऱ्या वस्तूंना उच्च दर्जाचे लागते. मास्क या दोहोंच्या सीमेवर बसतो. तो टेकतो त्वचेवर. पण त्याच्यातून गेलेली हवा रात्रभर फुफ्फुसांत जाते, आणि नाकातील स्राव व लाळ त्याला लागत राहते. म्हणूनच एका रुग्णाचा मास्क दुसऱ्याला देताना रुग्णालये वरच्या दर्जाचा आग्रह धरतात.

जुन्या मास्कवर असते तरी काय? चेहऱ्याचे तेल, घाम, मृत त्वचेचे कण, लाळ, नाकातील स्राव आणि या सर्वांवर पोसलेले जिवाणू व बुरशी. पिण्याच्या पाण्याचा माठ आठवडाभर घासला नाही की आतून एक बुळबुळीत थर हाताला लागतो. तसाच थर, डोळ्यांना क्वचितच दिसेल इतका पातळ, मास्कच्या घड्यांत व वळणांत जमतो. हा थर म्हणजे सूक्ष्मजीवांनी स्वतःभोवती विणलेले कवच असते. वरून ओतलेले जंतुनाशक या कवचात पूर्णपणे शिरत नाही. शिवाय क्लोरीनसारखी जंतुनाशके मळाशीच अभिक्रिया करून निष्प्रभ होतात. न धुतलेला मास्क थेट औषधी पाण्यात बुडविणे व्यर्थ ठरते, ते यामुळे.

'महिनाभर पडूनच आहे, आता कुठले जंतू' हा युक्तिवादही अर्धाच खरा आहे. कोविडचा विषाणू प्रयोगशाळेत प्लॅस्टिकवर तीन दिवसांपर्यंत तग धरून राहिल्याचे २०२० मध्ये दिसून आले. म्हणजे या विषाणूपुरता काळ हा उपाय ठरतो. त्वचेवर गळवे करणारा 'स्टॅफिलोकॉकस ऑरियस' हा जिवाणू मात्र कोरड्या पृष्ठभागावर सात दिवसांपासून सात महिन्यांपर्यंत जिवंत राहू शकतो, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात नमूद आहे. नायट्याची बुरशीही चिवट असते. कपाटातील महिना तिच्या लेखी फार नाही.

अर्थात याचा बाऊ करण्याचेही कारण नाही. निरोगी प्रतिकारशक्ती असलेल्या माणसाला नीट धुतलेल्या मास्कपासून गंभीर आजार होण्याची शक्यता थोडीच असते, तर उपचाराविना राहिलेल्या तीव्र स्लीप ॲप्नियाचा संबंध उच्च रक्तदाब, हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितता, पक्षाघात आणि वाहन चालविताना लागणारी डुलकी यांच्याशी आहे. जुना मास्क नको म्हणून उपचारच नको, हा सौदा तोट्याचा आहे. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे वा आजारामुळे क्षीण आहे, ज्यांच्यावर केमोथेरपी सुरू आहे, अवयव प्रत्यारोपण झाले आहे किंवा ज्यांचा मधुमेह आटोक्याबाहेर आहे, त्यांनी मात्र वापरलेला मास्क स्वीकारूच नये. आधीच्या रुग्णाला क्षयरोग, चेहऱ्यावरील चिघळलेला त्वचारोग किंवा औषधांना दाद न देणारा संसर्ग होता असे कळल्यास, तसेच मास्क कोणाचा होता हेच ठाऊक नसल्यासही हाच निर्णय योग्य.

कोणता भाग ठेवावा, कोणता टाकावा

मास्क ही एकसंध वस्तू नाही, आणि वापरलेल्या मास्कच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या एका गोष्टीत आहे. चेहऱ्याला टेकणारी मऊ गादी, जिला दुकानदार व रुग्ण 'कुशन' म्हणतात. तिला धरून ठेवणारी कडक प्लॅस्टिकची चौकट. नळी जोडण्याचा वळणदार तुकडा. आणि डोक्याभोवतीचे कापडी पट्टे, असे त्याचे चार भाग सुटे होतात. यांतील कुशन व पट्टे सर्वाधिक मळतात, सर्वांत आधी झिजतात आणि घरी विश्वासार्हपणे निर्जंतुक करणे सर्वांत कठीण असते. सुदैवाने बहुतेक प्रचलित मास्कची ही दोन्ही सुटी मिळतात. पूर्ण नव्या मास्कपेक्षा ती कमी खर्चात पडतात. चौकट व वळणदार तुकडा कडक, गुळगुळीत प्लॅस्टिकचा असल्याने त्यांची स्वच्छता तुलनेने सोपी आहे. जुनी चौकट, नवे कुशन आणि नवे पट्टे ही जोडणी खिशाला झेपणारी आणि सर्वांत समजूतदार ठरते.

काही कुशनच्या बाबतीत तर पर्यायच नाही. चेहऱ्याला टेकणारा भाग स्पंजासारख्या फोमचा असेल, तर तो पाण्यात घालण्यासाठी बनविलेलाच नसतो. त्याच्या छिद्रांत गेलेले बाहेर काढता येत नाही. आत जेल भरलेली कुशन उष्णता सहन करीत नाहीत. साध्या सिलिकोनचे कुशनही पिवळे पडले असेल, बोटांना चिकट लागत असेल, ताणल्यावर बारीक चिरा दिसत असतील किंवा त्याला सिगारेटचा वास येत असेल, तर ते धुण्यात वेळ दवडू नये. सिलिकोन वास शोषून घेते आणि मग तो सहसा जात नाही. अमेरिकेतील 'मेडिकेअर' ही सरकारी विमा योजना नाकावरील कुशन महिन्यातून दोनदा, मोठ्या मास्कचे महिन्यातून एकदा, तर मास्कची चौकट तीन महिन्यांनी बदलण्याचा खर्च देते. हे विम्याचे वेळापत्रक आहे, वस्तूचे आयुष्य नव्हे, आणि आपल्याकडे बहुतेक रुग्ण कुशन कितीतरी अधिक काळ वापरतात. तरीही कोणता भाग उपभोग्य वस्तू मानला जातो, हे त्यातून कळते.

मास्कवर किंवा माहितीपत्रकात वर्तुळातील इंग्रजी '२' हा आकडा तिरप्या रेघेने छेदलेला आढळला, तर त्याचा अर्थ ती वस्तू एकदाच वापरून टाकण्याची आहे. घरगुती मास्कपैकी अनेक 'एकाच रुग्णाने पुन्हा पुन्हा वापरण्यासाठी' असतात. ते दुसऱ्याला देण्याची शिफारस उत्पादक करीत नाहीत आणि त्यांच्या निर्जंतुकीकरणाची पद्धतही देत नाहीत. काही मास्क मात्र अनेक रुग्णांसाठी म्हणून बनविलेले असतात व त्यांची स्वतंत्र निर्जंतुकीकरण पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर मिळते. मास्कचे नाव चौकटीवर कोरलेले असते. ते शोधून पुस्तिका वाचणे, हे या सर्व खटाटोपातील पहिले काम समजावे.

धुण्याची रीत

सुटे करण्यापूर्वी मास्कचे मोबाइलवर दोन-तीन कोनांतून छायाचित्र घ्यावे. पुन्हा जोडताना झडप उलटी बसविण्याची चूक त्यामुळे टळते. हात धुऊन सर्व भाग वेगळे करावेत. स्वच्छ भांड्यात कोमट पाणी, हाताला जेमतेम ऊब जाणवेल इतपत, घेऊन त्यात बिनसुवासाच्या सौम्य द्रव साबणाचे एक-दोन थेंब टाकावेत. भांडी घासण्याची वडी, कपड्यांची पावडर किंवा लिंबाचा वास असलेले द्रव टाळावेत. चौकट व वळणदार तुकडा पाण्याखाली बुडवून लहान मुलांच्या मऊ टूथब्रशने घासावा. वेळ द्यावयाचा तो छिद्रांना, झडपेच्या बिजागरीला आणि भाग एकमेकांत अडकतात त्या खाचांना. छिद्रे मोकळी करण्यासाठी सुई वा टाचणी घालू नये. छिद्र रुंदावले की बाहेर जाणाऱ्या हवेचे प्रमाण बदलते आणि यंत्राचा हिशेबही चुकतो.

नंतर वाहत्या पाण्याखाली प्रत्येक भाग चांगला खळबळून घ्यावा. साबणाचा अंश राहिल्यास चेहऱ्यावर पुरळ येते, आणि त्याचा दोष मास्कला दिला जातो. कूपनलिकेचे जड पाणी असलेल्या भागांत शेवटचे खळबळणे पिण्याच्या गाळलेल्या पाण्याने करावे, अन्यथा क्षारांचे पांढरे कण छिद्रांत बसतात. मग प्रत्येक भाग उजेडात धरून पाहावा. कोठेही तुपकट चकाकी किंवा डाग दिसला, तर पुन्हा पहिल्यापासून. वापरलेल्या मास्कला दोन-तीन धुण्या लागल्या तर त्यात नवल नाही.

सुकविण्याचे काम दुय्यम समजले जाते, वस्तुतः ते तितकेच महत्त्वाचे आहे. स्वच्छ पंचावर किंवा कागदी रुमालावर, सावलीत, हवेशीर जागी भाग पसरून ठेवावेत. कडक ऊन सिलिकोन व प्लॅस्टिक दोन्ही ठिसूळ करते, म्हणून पापड-कुरडयांचा न्याय येथे लागू करू नये. मुंबई-कोकणात पावसाळ्यात वळणदार तुकड्याच्या आतील ओल दुसऱ्या दिवशीही जात नाही. तेथे पंख्याखाली ठेवणे बरे. ओला भाग प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केला, तर बुरशीला आमंत्रणच.

उष्णतेचे गणित

मळ निघाल्यावरच जंतू मारण्याचा विचार करता येतो. घरच्या घरी जमण्याजोगे, मागे कोणतेही रसायन न ठेवणारे साधन म्हणजे गरम पाणी. मात्र ते किती गरम आणि किती वेळ, याला नियम आहे. रुग्णालयांतील उपकरणे धुण्याच्या यंत्रांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात ८० अंश सेल्सिअस तापमानाला दहा मिनिटे, हे एक प्रचलित प्रमाण आहे. तापमान दहा अंशांनी वाढले की लागणारा वेळ दहा पटींनी घटतो. त्यामुळे ९० अंशांना एक मिनिट आणि ७० अंशांना शंभर मिनिटे यांचा परिणाम सारखाच मानला जातो. 'कढत पाणी ओतले' यात नेमके काय घडले हे म्हणूनच सांगता येत नाही. भांड्यात ओतलेले पाणी काही मिनिटांतच बरेच अंश खाली येते.

उत्पादकाच्या पुस्तिकेत त्या भागासाठी उष्णतेची परवानगी व तापमान दिलेले असेल, तरच हा मार्ग धरावा. स्वयंपाकात वापरतात तो काडीचा तापमापक लागेल. पाण्यात भाग पूर्ण बुडालेले असावेत, आत हवेचे बुडबुडे अडकलेले नसावेत आणि भांड्याच्या तळाला ते टेकू नयेत. तळाशी तापमान अधिक असते व प्लॅस्टिक वाकते. वेळ मोजावयाची ती पाणी ठरलेल्या तापमानाला पोचल्यानंतर. प्रेशर कुकर, मायक्रोवेव्ह आणि खळखळती उकळी यांना पुस्तिकेत स्थान नसेल, तर घरातही देऊ नये. इतके करूनही घरातील ही प्रक्रिया रुग्णालयाच्या प्रमाणित प्रक्रियेची बरोबरी करीत नाही, कारण तेथे प्रत्येक फेरीची नोंद व चाचणी होते. ती धोका कमी करते, इतकेच तिचे श्रेय.

पुस्तिकेत परवानगी नसल्यास, किंवा पुस्तिकाच सापडत नसल्यास, चौकट साबणाने दोन-तीनदा धुऊन वापरावी की टाकून द्यावी, हा निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावा. ज्या रुग्णालयात निद्राचाचणी झाली तेथे, किंवा उपकरणे भाड्याने देणाऱ्या नोंदणीकृत विक्रेत्याकडे, प्रमाणित पद्धतीने निर्जंतुकीकरण करून मिळते का, याची चौकशी करण्यासही हरकत नाही.

घरगुती उपायांचे काय?

डेटॉल, सॅव्हलॉन, स्पिरिट, हातांचे सॅनिटायझर आणि कपड्यांचे ब्लीच ही नावे सर्वप्रथम सुचतात. अल्कोहोलने कडक प्लॅस्टिकमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात आणि त्या चिरा पुढे जंतूंचे घर होतात. उग्र वासाची द्रवे सिलिकोनमध्ये मुरतात आणि रात्रभर नाकासमोर राहतात. मास्क उत्पादक आपल्या पत्रकांत ब्लीच, अल्कोहोल व सुवासिक तेले यांना स्पष्ट मनाई करतात ती याचसाठी. निलगिरी तेलाचे थेंब, कापूर वा कडुनिंबाचा अर्क हेही त्याच मनाईत मोडतात; वाफारा आणि सीपॅप यांची गल्लत करू नये.

व्हिनेगरची शिफारस वारंवार ऐकू येते. यंत्राच्या पाण्याच्या टाकीतील क्षार काढण्यास ते उपयुक्त आहे. परंतु जंतुनाशक म्हणून त्यावर विसंबता येत नाही: घरगुती जंतुनाशकांची तुलना करणाऱ्या, २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात व्हिनेगर 'स्टॅफिलोकॉकस ऑरियस'पुढे निष्प्रभ ठरले होते. खाण्याच्या सोड्याची गत त्याहून वेगळी नव्हती.

रुग्णालयांतील जंतुनाशके मिळाली तरी ती घरी वापरणे अनिष्ट. ग्लुटराल्डिहाइडच्या वाफांनी डोळे व श्वासनलिका चुरचुरतात. फॉर्मेलिनच्या गोळ्या घातलेल्या बंद डब्यात साहित्य ठेवण्याची पद्धत आपल्याकडे काही ठिकाणी रूढ होती. पण फॉर्मल्डिहाइड हे कर्करोगकारक आहे आणि ते धरून ठेवणारी वस्तू तोंडावर बांधून झोपणे कोणाही डॉक्टरला मान्य होणार नाही.

राहिली ओझोन व अतिनील किरणांची आकर्षक उपकरणे. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा उपकरणांबाबत नागरिकांना सावध केले होते. जंतू मारण्यास पुरेल इतका ओझोन माणसाच्या श्वासास सुरक्षित पातळीहून अधिक असावा लागतो आणि तो नळीत व मास्कमध्ये रेंगाळू शकतो. अतिनील किरण जेथे थेट पडतात तेवढ्याच भागावर काम करतात, घडीच्या व वळणाच्या सावलीत नाही. पुढे जून २०२१ मध्ये फिलिप्सने आवाजरोधक फोम झिजत असल्याच्या कारणावरून लाखो यंत्रे परत मागविली, तेव्हा ओझोनमुळे ही झीज वाढत असल्याचेही समोर आले. जुने यंत्र घेणाऱ्यांनी त्याचा क्रमांक त्या यादीत आहे का, हे यासंदर्भात पाहून घ्यावे. नागमोडी नळी मात्र धुण्याच्या भानगडीत न पडता सरळ नवी आणावी, आणि हवेची गाळणीही.

पहिल्या रात्रीपूर्वी

जोडलेला मास्क चेहऱ्यावर बांधण्यापूर्वी यंत्र सुरू करून हातात धरावा आणि छिद्रांसमोर तळहात न्यावा. हवेचा एकसारखा झोत जाणवला पाहिजे. नंतर जागेपणी दहा-पंधरा मिनिटे लावून पाहावा, दाब सुरू असताना आणि मोठा मास्क असल्यास क्षणभर यंत्र बंद करूनही. गुदमरल्यासारखे वाटले, रसायनाचा वास आला, डोळ्यांकडे हवा गळली, तर झोपेत त्यात सुधारणा होणार नाही. सकाळी डोके दुखणे किंवा जडपणा हे कार्बन डायऑक्साइड साचल्याचे लक्षण असू शकते. नाकाभोवती लाल चट्टे, पुटकुळ्या वा खाज आली तर मास्क थांबवून डॉक्टरांना दाखवावे. यंत्रावरील दाब आधीच्या रुग्णासाठी ठरविलेला असतो, तो आपल्या निद्राचाचणीच्या अहवालानुसार बदलून घेतल्याशिवाय मास्कची ही सारी तयारी निरर्थक आहे.

भारतात १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली असली, तरी दोन घरांमध्ये होणाऱ्या देवघेवीवर व्यवहारात कोणाची नजर नसते. त्यामुळे देणाऱ्यानेही थोडी तसदी घ्यावी. यंत्र देताना त्याची पुस्तिका, खरेदीची पावती आणि मास्कचे नाव व माप लिहिलेली चिठ्ठी सोबत द्यावी; मास्क कोणी, किती काळ वापरला आणि त्या व्यक्तीला कोणता आजार होता, हे संकोच न बाळगता सांगावे. जुने कुशन, पट्टे व नळी देण्यापूर्वीच काढून टाकावीत.